स्वतःला ऐकणारा इंजिनिअर

12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं बोइंग 747 वर चढत होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन 76 दिल्लीत उतरायला येत होतं. सौदी विमानाला 14,000 फुटांची मर्यादा दिली होती, कझाक विमानाला 15,000 फुटांची. मधे हजार फूट राहायला हवे होते. ते राहिले नाहीत. दोन्ही विमानांतले मिळून 349 जण गेले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत जी कारणं पुढे आली त्यांत एक होतं कझाक वैमानिकांचं तोकडं इंग्रजी. त्यांच्या विमानात नियंत्रण कक्षाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा, आणि विमान हाकणारे वेगळे. सूचना एकाच्या कानावर पडायची आणि दुसऱ्याच्या हातून अमलात यायची.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, 1998 मध्ये हा भाषेचा प्रश्न हाती घेतला. 2003 मध्ये वैमानिक आणि नियंत्रकांसाठी बोलण्याच्या सहा पायऱ्यांचे निकष ठरले आणि पुढे किमान चौथी पायरी बंधनकारक झाली. त्या चौथ्या पायरीचं वर्णन प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात लावून ठेवण्यासारखं आहे. उच्चारांवर, आघातांवर, बोलण्याच्या लयीवर मातृभाषेचा ठसा असला तरी चालेल, त्यामुळे समजायला अडचण मात्र अधूनमधूनच यावी, असा त्याचा आशय. शेकडो जीव ज्या धंद्यात एका वाक्यावर अवलंबून असतात, तिथेही लंडनचा उच्चार कुणी मागितलेला नाही. समोरच्याला कळलं पाहिजे, एवढीच अट आहे.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना हे कुणी सांगत नाही. त्यांना सांगितलं जातं की तुमचं कम्युनिकेशन वीक आहे. हे वाक्य पहिल्या वर्षाच्या वर्गात ऐकू येतं, प्लेसमेंट सेलमध्ये ऐकू येतं, घरी फोनवर वडिलांच्या तोंडीही येतं. वीक म्हणजे नेमकं काय, हे ना सांगणाऱ्याला माहीत असतं ना ऐकणाऱ्याला. मग मुलगा चौथ्या वर्षाच्या तोंडावर शहरातला एखादा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावतो, स्वतःची ओळख करून देणारा परिच्छेद पाठ करतो आणि मुलाखतीत तो एका दमात म्हणून टाकतो. पुढचा प्रश्न आला की गप्प. ॲप्टी निघाली, टेक्निकल निघाली, एचआरला अडकलो, ही तक्रार महाराष्ट्रातल्या कुठल्याही होस्टेलच्या मेसमध्ये ऐकायला मिळते.

या मुलांची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी इंजिनिअर व्हायचं तर पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी मोजकी दारं होती. 1983 नंतर तालुक्यातालुक्यात कॉलेजं उभी राहिली आणि घरात पहिल्यांदाच कुणी पदवीधर होतोय अशी मुलं मोठ्या संख्येने आली. मराठी माध्यमात दहावी झालेली, बारावीला सायन्स घेतल्यावर पहिल्यांदा इंग्रजी पुस्तक हाती धरलेली. ही मोठी सामाजिक घटना आहे आणि तिचा मला मनापासून आनंद वाटतो. पण दार उघडल्यावर आत आलेल्या मुलांशी बोलायचं कसं आणि त्यांना बोलतं करायचं कसं, याचा विचार मागे राहिला.

कागदावर विचार आहे. भारत 2014 मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला आणि इंजिनिअरिंगच्या पदवीधराला काय काय यायला हवं याची बारा कलमांची यादी कॉलेजांच्या फायलींमध्ये शिरली. तिच्यातलं दहावं कलम संवादाचं होतं. अहवाल नीट लिहिता यावा, सादरीकरण करता यावं, स्पष्ट सूचना देता याव्यात आणि घेताही याव्यात, असं त्यात म्हटलं होतं. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या नियमांमुळे लँग्वेज लॅबही आली. हेडफोन, कॅबिन, सॉफ्टवेअरचं लायसन्स, भिंतीवर शुभ्र दात दाखवून हसणाऱ्या माणसांची पोस्टर्स. अशा कित्येक लॅब वर्षातला बराच काळ कुलूपबंद असतात आणि तपासणीची समिती यायची झाली की उघडतात. उघड्या असल्या तरी मुलगा आत जाऊन काय करतो? अमेरिकी किंवा ब्रिटिश आवाजातलं वाक्य ऐकतो आणि ते पुन्हा म्हणतो. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांना घाईघाईने परकी भाषा शिकवण्यासाठी वापरली गेली, आणि 1957 च्या स्पुटनिकनंतर भाषाशिक्षणावर सरकारी पैसा आला तेव्हा तिथल्या शाळाशाळांत पसरली. सत्तरच्या दशकात तिकडे या लॅबचा उत्साह ओसरला, कारण दुसऱ्याची वाक्यं बिनचूक म्हणणाऱ्या मुलांना स्वतःचं वाक्य तयार करता येईना. आपण ती नंतर, हौसेने, विकत घेतली.

माझं म्हणणं असं की खरं साधन त्या लॅबच्या बाहेर, मुलाच्या खिशात आहे. फोनमधला रेकॉर्डर. आणि त्याचा खरा उपयोग दुसऱ्याचा आवाज ऐकण्यापेक्षा स्वतःचा ऐकण्यासाठी आहे.

स्वतःचा आवाज ऐकणं सोपं नसतं. पहिल्यांदा ऐकणारी जवळजवळ सगळी मुलं फोन बाजूला सारतात. हा माझा आवाज नाही, असं म्हणतात. ते एका अर्थाने खरंही आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो: हवेतून कानात आणि कवटीच्या हाडांतून थेट अंतःकर्णात. हाडांच्या वाटेने खालच्या पट्टीतले सूर जास्त पोचतात, म्हणून स्वतःचा आवाज स्वतःला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये ही दुसरी वाट बंद होते आणि उरतो तो पातळ, परका आवाज. कानाच्या कार्यावरच्या संशोधनासाठी 1961 चं नोबेल मिळवणारे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी 1949 मध्येच यावर काम केलं होतं. ही एवढी माहिती वर्गात आधी दिली की मुलांची अर्धी लाज जाते. आपला आवाज वाईट नाही, जगाला तो कायम असाच ऐकू येत होता, हे त्यांना कळतं. मग ती ऐकायला बसतात.

आणि ऐकायला बसली की त्यांना जे सापडतं ते शिक्षकाने दहा वेळा सांगूनही पटलेलं नसतं. एका वाक्यात चार वेळा बेसिकली. वाक्याचा शेवट गिळलेला. महत्त्वाचा आकडा सगळ्यात घाईने म्हटलेला. आपण खूप हळू बोलतोय असं वाटत असताना खरं तर धावत असतो, हा शोध तर बहुतेकांना लागतो. हे सगळं मोजता येतं, आणि मोजण्याची सवय इंजिनिअरिंगच्या मुलाला असतेच. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेलं आणि 2000 मध्ये बाहेर पडलेलं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात रेकॉर्डिंग उघडलं की शब्द उंचवट्यांसारखे दिसतात आणि थांबे सपाट रेषेसारखे. कुठे थांबलो, किती थांबलो, वाक्याच्या मधेच का थांबलो, हे डोळ्यांना दिसतं. मिनिटाला शब्द किती, तेही मोजता येतं. समोरच्याला नवा विषय समजावायचा तर इंग्रजीत 130 ते 150 च्या आसपास राहावं असा सर्वसाधारण संकेत आहे. आणखी खोल जायचं तर ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेलं प्रात आहे. तेही फुकट आहे आणि उच्चारांचा अभ्यास करणारे जगभरचे लोक तेच वापरतात.

इथे इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांसाठी एक सुंदर जोड मिळते, आणि ती कुणी साधत नाही याची मला खंत वाटते. ही मुलं सॅम्पलिंगचं प्रमेय परीक्षेसाठी पाठ करतात. जुन्या टेलिफोनवर आवाजाचा 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. डिजिटल टेलिफोनीत त्याचे सेकंदाला 8,000 नमुने घेतले जात. स, श, फ यांतली सळसळ बरीचशी त्या पट्ट्याच्या वर असते. म्हणून तर फोनवर नाव सांगताना एस फॉर सांगली म्हणावं लागायचं. 2016 मध्ये जिओ आलं, व्होएलटीईवर आवाजाचा पट्टा 7,000 हर्ट्झच्या घरात गेला आणि फोनवरचे स-श स्पष्ट झाले. हा सगळा धडा मुलाने स्वतःचंच एक वाक्य रेकॉर्ड करून, त्याला चाळणी लावून, पुन्हा ऐकून शिकावा. डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगचं प्रात्यक्षिक आणि बोलण्याचा सराव एकाच तासात होतो. त्यासाठी दोन विभागांच्या शिक्षकांनी एकत्र बसायला हवं, आणि अडतं नेमकं तिथेच.

आता या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. मुलाला एक विषय द्यावा. ट्रान्सफॉर्मर कसा चालतो, काँक्रीटला पाणी का मारतात, बेअरिंग का तापतं, डेटाबेसमध्ये इंडेक्स कशाला हवा. आणि दोन रेकॉर्डिंग मागावीत. आधी दोन मिनिटं मराठीत, घरच्या माणसाला सांगितल्यासारखं. मग दोन मिनिटं इंग्रजीत. दोन्ही शेजारी ठेवून ऐकली की जे निदान होतं ते कुठल्याही चाचणीने होत नाही. मराठीत अस्खलित आणि इंग्रजीत अडखळत असेल तर अडचण भाषेची आहे, आणि ती सरावाने सुटते. पण मराठीतही अडखळत असेल, फ्लक्स लिंक होतो आणि मग ईएमएफ इंड्यूस होतो एवढंच दोन्हीकडे येत असेल, तर मुलाला विषयच कळलेला नाही. त्याच्या माथी वीक कम्युनिकेशनचा शिक्का मारून आपण त्याच्यावर दुहेरी अन्याय करतो, कारण त्याला गरज असते इलेक्ट्रिकलच्या शिक्षकाची आणि आपण त्याला पाठवतो इंग्रजीच्या क्लासला.

उलटा अनुभवही येतो, आणि तो ऐकताना ऊर भरून येतो. वर्गात मान खाली घालून बसणारा मुलगा मराठी रेकॉर्डिंगमध्ये बेअरिंगचा आवाज कसा बदलत जातो हे असं काही सांगतो की समोर मशिन दिसावं. वडिलांचं गॅरेज असतं, नाहीतर उसाच्या कारखान्यात मामा असतो. त्याला कान आहे, निरीक्षण आहे, क्रम लावून सांगण्याची हातोटी आहे. संवादाचं नव्वद टक्के काम त्याने आधीच केलेलं असतं. उरतात ते शब्द आणि त्यांचे आघात.

आघातांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी माणूस सगळी शक्ती चुकीच्या जागी लावतो. व्ही आणि डब्ल्यू नीट म्हणता येत नाही, शिप आणि शीप सारखं होतं, याची त्याला फार लाज वाटते. मराठी कानाला हे भेद सवयीचे नाहीत. बोलताना इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ आपण फारसा पाळतच नाही. पण या चुका वाक्याच्या संदर्भात बहुधा निभावून जातात. समजण्यात जास्त गडबड होते ती शब्दातला जोर चुकल्यामुळे. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमध्ये आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी परक्यांना कितपत कळतं याचा अभ्यास केला आणि 1969 मध्ये तो प्रसिद्ध झाला. शब्दातला चुकीचा आघात हे न कळण्याचं मोठं कारण असल्याचं त्यात दिसलं. आपली मुलं कंपोनंट म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर देतात, तो हवा पो वर. पॅरामीटर म्हणताना पॅ वर देतात, हवा रा वर. डेव्हलपमेंटमध्ये सगळ्या अक्षरांना सारखंच वजन मिळतं. इंजिनिअरच्या रोजच्या वापरातले असे शे-दोनशे शब्द काढावेत, एका शिक्षकाने आपल्याच आवाजात स्पष्ट रेकॉर्ड करावेत, आणि मुलाने ते ऐकून, लगेच पाठोपाठ म्हणून, आपलं रेकॉर्डिंग शेजारी लावून पाहावं. शिक्षक कोल्हापूरचा असला तर कोल्हापूरचा आवाज राहू द्या. आपल्यासारखाच माणूस असं बोलू शकतो, हे ऐकण्यात मुलाला वेगळाच धीर मिळतो.

उच्चार बदलून माणूस बदलण्याचं स्वप्न जुनं आहे. बर्नार्ड शॉच्या पिग्मॅलियनमध्ये प्राध्यापक हिगिन्सच्या प्रयोगशाळेत फोनोग्राफ आणि मेणाच्या नळ्या आहेत. पुलंनी त्या नाटकाची ती फुलराणी केली आणि मराठी घराघरात ती पोचली. पण तिथला प्राध्यापक फुलवालीची बोली पुसून टाकायला निघालेला असतो. आपल्या कॉलेजांत तोच उद्योग नकळत चालतो, आणि तो फक्त इंग्रजीपुरता नाही. पुण्यात आलेला वऱ्हाडी मुलगा, अहिराणी बोलणारी मुलगी, मालवणी मुलगा पहिल्या महिन्यात आपलं मराठीही लपवायला शिकतो. मराठी रेकॉर्डिंग मागताना म्हणूनच स्पष्ट सांगावं: तुमच्या घरच्या बोलीत बोला. ज्याला स्वतःच्या भाषेत निर्धास्त बोलू दिलं जात नाही, तो दुसऱ्या भाषेत धीटपणे बोलणार कुठून?

पवईत आयआयटी मुंबईने याबाबतीत फार मोठं काम करून ठेवलं आहे आणि त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने तिथे स्पोकन ट्युटोरियल नावाचा उपक्रम सुरू झाला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे पाठ. पडद्यावर सगळं इंग्रजीत दिसतं, कारण नोकरीत तेच वापरायचं आहे. आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत डब केलेला. डोळ्यांना इंग्रजी, कानांना मराठी. पण माझ्या मते त्यातली खरी शिकवण पाठ तयार करण्याच्या पद्धतीत आहे. संहिता दोन रकान्यांत लिहायची: पडद्यावर काय दिसतंय आणि त्या वेळी काय बोललं जातंय. मग ती संहिता ते सॉफ्टवेअर न येणाऱ्या नवशिक्या माणसाकडून तपासून घ्यायची. त्याला जमलं तरच ती पक्की. तज्ज्ञाला आवडली की नाही हा प्रश्न नंतरचा. इंजिनिअरच्या बोलण्याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. प्रत्येक मुलाने पदवी घेण्याआधी असा एक तरी पाठ आवाजासह तयार करावा. ओरलला एक्स्टर्नलसमोर तीन वाक्यं बोलून सुटण्यापेक्षा त्यातून कितीतरी जास्त पदरात पडेल.

कॉलेजचा रेडिओ ही दुसरी वाट. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात 2004 मध्ये देशातलं पहिलं कॅम्पस कम्युनिटी रेडिओ केंद्र सुरू झालं, आणि ते विद्यापीठ मुळात इंजिनिअरिंगचं. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आपल्याला माहीतच आहे. रेडिओवर बोलणाऱ्याला हातवारे नाहीत, स्लाइड नाही, फळा नाही. स्लाइडवरची वाक्यं वाचून दाखवणाऱ्या मुलांसाठी हे उत्तम औषध आहे. परवाना आणि मनोरा सगळ्यांना परवडणार नाही. पण आठवड्याला एक दहा मिनिटांचा ध्वनिकार्यक्रम, कॉलेजच्या सर्व्हरवर, कुठल्याही विभागाला जमेल.

शिक्षक लगेच विचारतात, आणि रास्तपणे विचारतात, की हे ऐकायचं कुणी? साठ मुलांचा वर्ग, प्रत्येकाची दोन मिनिटं, म्हणजे आठवड्याला दोन तास. दोन्ही भाषांचं धरलं तर चार. त्यावर लेक्चर, प्रॅक्टिकल, ॲडमिशनची कामं, समित्यांच्या फायली, आणि पगार कित्येक ठिकाणी महिनोन्‌महिने थकलेला. शिक्षकावर आणखी एक ओझं टाकून हे होणार नाही. पण प्रत्येक मुलाने तीन मित्रांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि काय कळलं ते दोन ओळींत लिहायचं असं ठरवलं, तर शिक्षकाला आठवड्याला बाराच जणांचं ऐकावं लागतं. पाच आठवड्यांत सगळा वर्ग होतो. ऐकणाऱ्या मुलांचाही फायदा होतो, कारण दुसऱ्याचं लक्ष देऊन ऐकणं हाही संवादच आहे आणि त्याचा सराव आपण कुठेच देत नाही. जागेचा प्रश्न तर उरलेलाच नाही: आवाजाची फाइल लहान करणाऱ्या ओपससारख्या पद्धतीने आवाज सेकंदाला 16 किलोबिटमध्ये स्वच्छ मावतो, म्हणजे साठ मुलांची दोन-दोन मिनिटं पंधरा एमबीतही बसतात.

दोन धोके मात्र गंभीर आहेत. पहिला, यंत्राकडून गुण देण्याचा. मोठ्या कंपन्या आता भरतीच्या वेळी वाक्य ऐका, पुन्हा म्हणा अशा चाचण्या घेतात आणि गुण संगणक देतो. मुलांना त्यांची ओळख करून द्यावी, पण वर्गातला न्याय यंत्राच्या हाती देऊ नये. 2020 मध्ये अमेरिकेतल्या पाच बड्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणांची तपासणी झाली, तेव्हा गोऱ्या लोकांच्या बोलण्यात सरासरी शंभरात 19 शब्द चुकले, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात 35. ज्यांचे आवाज यंत्राने कमी ऐकलेत त्यांच्यावर ते अन्याय करतं. यावर उपायही मुलांच्या हातात आहे: मोझिलाच्या कॉमन व्हॉइससारख्या खुल्या संग्रहात मराठी वाक्यं वाचून आपला आवाज देता येतो.

दुसरा धोका विश्वासाचा. अडखळणारी क्लिप वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली, कुणी त्यावर हसण्याचं स्टिकर टाकलं, की तो मुलगा वर्षभर तोंड उघडत नाही. मुलींच्या बाबतीत तर आवाजाची फाइल कुणाच्या फोनमध्ये जाईल ही भीती खरीच असते. आवाज ही खासगी माहिती आहे आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तिचा विचार संमतीच्या अंगाने करायला लावलं आहे. तेव्हा नियम सुरुवातीलाच ठरावा: रेकॉर्डिंग कॉलेजच्या खात्यात राहील, ग्रुपवर जाणार नाही, तीन मित्र कोण हे मुलगी स्वतः ठरवील, आणि सत्र संपल्यावर फाइल पुसली जाईल.

बाकी सोयी किरकोळ आहेत. पंखा बंद करावा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरावा, जवळ गोधडी किंवा टांगलेले कपडे असले तर खोली घुमत नाही. होस्टेलमध्ये रात्री अकरानंतर शांतता मिळते, म्हणून रेकॉर्डिंग बहुधा तेव्हाच होतं. एकदा केलेलं न आवडल्यास पुन्हा करू द्यावं, हवं तितक्यांदा. ती पुन्हा पुन्हा करण्याची मुभाच या साधनाची ताकद आहे. वर्गात उभं राहून बोलताना ती कधी मिळत नाही. एकच काळजी घ्यावी: कागदावरून वाचलेलं चालणार नाही. वाचलेला आवाज ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येतो.

2021 मध्ये एआयसीटीईने भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने कॉम्प्युटरचा वर्ग मराठीतून सुरू केला. त्यावर पुष्कळ वाद झाले. मराठीतून शिकलेली मुलं जगात कशी टिकणार, हा त्यातला मुख्य. या मुलांची पहिल्या सत्रातली आणि शेवटच्या सत्रातली, दोन्ही भाषांतली रेकॉर्डिंग जपून ठेवली, अर्थात त्यांच्या संमतीने, तर वादापेक्षा भक्कम पुरावा हाती येईल.

पुढचं सत्र जानेवारीत सुरू होईल. कम्युनिकेशन स्किल्स हा विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि तंत्रविषय शिकवणाऱ्यांनाही माझी विनंती आहे: टर्मवर्कमधले पाच गुण बाजूला काढा, आठवड्याला एक विषय द्या, मराठीत दोन मिनिटं आणि इंग्रजीत दोन मिनिटं रेकॉर्डिंग मागा, आणि तुमच्या वाट्याच्या बारा जणांची रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐका. विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहू नका. टर्मवर्कचे गुण कशासाठी द्यायचे, हे आजही तुमच्याच हातात आहे.